पेट्रोल गाडीचं नॉकिंग: आवाज ओळखण्यापासून कारण काढून टाकेपर्यंत, कोणत्या क्रमाने काय तपासावं

चढावर इंजिन खळखळायला लागलं, म्हणजे नॉक करायला लागलं, की बहुतेक जण आधी महाग पेट्रोल भरतात, मग ॲडिटिव्हची बाटली ओततात आणि तेवढ्याने भागलं नाही तर नॉक सेन्सर (ही खळखळ पकडणारा सेन्सर) बदलून घेतात. पैसे जातात, आवाज थोडे दिवस दबतो आणि ऊन वाढलं की पुन्हा सुरू होतो. हा क्रमच उलटा आहे. नॉक सेन्सर सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि पेट्रोल बदलणं ही आधी एक चाचणी आहे, मग उपाय.

दुसरी चूक याहून महाग पडते. आवाज थांबला म्हणजे नॉकिंग गेलं असं धरलं जातं. आजच्या गाडीत ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) नॉक जाणवला की तो स्पार्क थोडा उशिरा देतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. कानाला काही ऐकू येत नाही, पण गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं आणि सायलेन्सरमधून जाणारा धूर जास्त गरम होऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजतो. म्हणून कानाबरोबर टायमिंगचा आकडाही बघायला हवा. पुढचे सगळे टप्पे याच दोन गोष्टींवर उभे आहेत.

लेख पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनाचा खडखडाट वेगळ्या कारणाने होतो, त्याला हे टप्पे लावू नका.

## आत नेमकं काय होतं

प्लगने ठिणगी टाकली की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जाते. तिच्या पुढे जे मिश्रण अजून जळायचं असतं ते दाबाने तापत जातं. ज्योत पोहोचण्याआधीच हा कोपऱ्यातला भाग आपोआप पेटला तर दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात. त्याचा आवाज म्हणजे नॉक. ७३ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) १.२ लिटर इंजिनात या लाटांची कंपनसंख्या ८ किलोहर्ट्झच्या जवळ येते, म्हणून आवाज बारीक आणि धातूचा असतो.

याचा सख्खा भाऊ म्हणजे प्री-इग्निशन. त्यात ठिणगी पडायच्या आधीच तापलेल्या प्लगने किंवा लालबुंद कार्बनने मिश्रण पेटतं. टायमिंग मागे घेऊन हे थांबत नाही, आणि पिस्टनला भोक पाडायला त्याला फार वेळ लागत नाही. नॉकिंग बराच काळ चालू राहिलं की प्लग आणि पिस्टन तापून तेच प्री-इग्निशनला आमंत्रण देतं. म्हणून बारीक खळखळ आहे, चालतंय, असं म्हणून सोडू नका.

## टप्पा १: तयारी

काम सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा:

- ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) किंवा फोनला जोडता येणारा ब्लूटूथ अडॅप्टर. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना चालतो. सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं. ॲपमध्ये हे आकडे दिसले पाहिजेत: इग्निशन टायमिंग, इंजिन लोड, आरपीएम, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा). आकडे रेकॉर्ड करता आले पाहिजेत.
- प्लगचा सॉकेट (बऱ्याच गाड्यांना १६ मिलिमीटर, काहींना १४), एक्स्टेन्शन, फिलर गेज आणि ५ ते ३० न्यूटन-मीटर दाखवणारा टॉर्क पाना.
- टॉर्च, हवेचा फवारा, सेन्सर साफ करायचा स्प्रे.
- गाडीचं मॅन्युअल. प्लगचा नंबर, गॅप, टॉर्क आणि लागणारा ऑक्टेन (पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचा आकडा) यांत अंदाज चालत नाही.

चाचणीच्या आधी टायरची हवा बरोबर करून घ्या, इंजिन ऑइल पट्टीवर बघा आणि आधीचे फॉल्ट कोड लिहून ठेवा. कोड पुसायची घाई करू नका. पुसल्यावर त्यासोबत साठवलेली माहितीही जाते, आणि ईसीयूने शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो.

सावधान: गाडी चालवताना फोनकडे बघू नका. आकडे वाचायला दुसरा माणूस शेजारी बसवा किंवा रेकॉर्ड करून घरी येऊन बघा.

## टप्पा २: हा आवाज नॉकचाच आहे का

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. नॉकचा आवाज पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा असतो. तो भार पडला की येतो आणि पाय उचलल्याबरोबर थांबतो. इंजिन गरम असताना, कमी आरपीएमला, चढावर किंवा एकदम जोर देताना वाढतो. जागेवर उभ्या गाडीत रिकामी रेस देऊन तो जवळपास कधीच येत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे गैरसमज मिटतात.

त्याच्याशी गल्लत होणारे आवाज:

- टॅपेट. आयडलिंगलाही टिकटिक, आरपीएमबरोबर वाढते, भाराशी फारसा संबंध नाही.
- टायमिंग चेन. सकाळी सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंद खरखर, मग शांत.
- पिस्टन स्लॅप. थंड इंजिनाचा पोकळ आवाज, गरम झाल्यावर जातो. नॉक याच्या बरोबर उलटा.
- बिग एंड बेअरिंग. जड, खोल धपधप. जागेवर रेस देऊन सोडतानाही येते. ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन तिथेच बंद करा, गाडी टोइंगने न्या.
- एक्झॉस्टवरचा पत्रा. हीट शील्ड सैल झालं की ठरावीक आरपीएमला झणझणतं. गाडी थंड असताना लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा.
- इंजेक्टर. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत आयडलिंगला टकटक येणं हा इंधन पंपाचा आणि इंजेक्टरचा नेहमीचा आवाज आहे.

पडताळणी: आवाज येत असताना एक्सिलरेटर तसाच ठेवून एक गिअर खाली टाका. आरपीएम वाढल्यावर आवाज गेला तर नॉकचा संशय पक्का होतो. तसाच राहिला किंवा वेगाने वाजायला लागला तर यांत्रिक दोष शोधा. पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत.

## टप्पा ३: चढावरची नोंद

एक चढ ठरवा आणि प्रत्येक वेळी तोच वापरा. कात्रजचा जुना घाट, कसारा, आंबोली, जो जवळ असेल तो. लांब उड्डाणपुलाचा चढही चालेल, फक्त मागे गर्दी नको.

१. इंजिन पूर्ण गरम करा. कूलंट ८५ ते ९५ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे.
२. एसी चालू, गाडीत तीन-चार माणसं किंवा तेवढं ओझं.
३. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून एक्सिलरेटर साधारण ६० ते ७० टक्के दाबून ३,००० पर्यंत स्थिर जोर द्या.
४. असं तीन वेळा करा आणि तिन्ही नोंदी जपून ठेवा.

आता टायमिंगचा आलेख बघा. निरोगी इंजिनात आरपीएम वाढताना टायमिंग सलग वर चढतं. नॉक झाला की ते एका झटक्यात तीन-चार अंश खाली येतं आणि मग पायरी-पायरीने वर सरकतं. असे करवतीचे दात दिसले की समजा ईसीयू नॉक पकडतोय, आवाज आला असो वा नसो. गिअर बदलतानाची घसरण मोजू नका. तिथे ईसीयू मुद्दाम टायमिंग पाडतो. ऑटोमॅटिक गाडीत ही काळजी जास्त घ्या.

टायमिंगचा नेमका आकडा किती असावा याचं एकच उत्तर नाही. प्रत्येक इंजिनाचा नकाशा वेगळा. त्यामुळे इंटरनेटवरच्या दुसऱ्या गाडीशी तुलना करू नका. तीच गाडी, तोच चढ, तोच भार, तीच दुपार.

## टप्पा ४: चालवण्याची पद्धत

खर्च शून्य, म्हणून हे आधी. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला जोर मागणं हे नॉकिंगचं सगळ्यात सोपं कारण आहे. ॲव्हरेज वाढावं म्हणून चौथ्यात १,२०० आरपीएमला गाडी ठेवून चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर येतं, पिस्टन सावकाश सरकतो आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला पुरेसा वेळ मिळतो. तिथे तिसरा टाकून २,००० ते २,५०० वर चढणं इंजिनाला सुखाचं.

टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शन गाडीत धोका अजून मोठा. १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान पूर्ण पाय दाबला तर कमी वेगातलं प्री-इग्निशन होऊ शकतं: खळखळ न येता एकच जड ठोका बसतो, आणि त्या एका ठोक्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या मधली कड) तुटू शकते. या गाड्यांना किमान एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर तसं लिहिलेलं) ऑइल घाला, कारण २०२० साली आलेल्या या दर्जात याच दोषासाठीची चाचणी आहे. मॅन्युअलमधली ग्रेडही पाळा. स्वस्त मिळालं म्हणून जुन्या दर्जाचं ऑइल टाकणं इथे परवडत नाही.

पडताळणी: खालच्या गिअरमध्ये त्याच चढावर नॉक पूर्ण गेला आणि आलेख गुळगुळीत झाला, तर चालवण्याची सवय बदला. तरीही पुढचे दोन टप्पे एकदा करून घ्या. निरोगी इंजिन थोडंफार लगिंग, म्हणजे वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला जोर मागणं, सहन करतं.

## टप्पा ५: इंधन

आधी इंधनाच्या झाकणाआड किंवा मॅन्युअलमध्ये किती ऑक्टेन लिहिलंय ते बघा. भारत स्टेज ६ चं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं असतं. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या आसपास असतो, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन त्याहून वरचा आहे. म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ई-२० गाडीला मदतच करतं. ई-२० मुळे गाडी नॉक करते हे बहुतेक वेळा चुकीचं निदान असतं. अपवाद दोन, आणि दोन्ही नीट समजून घ्या.

पहिला अपवाद पाण्याचा. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल किंवा पंपाच्या टाकीत पाणी शिरलं असेल, तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. खालचा थर पंपाने ओढला की गाडी झटके देते आणि बंद पडते. तो काढून टाकल्यावर उरलेलं वरचं पेट्रोल नॉक करतं. टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. वरून ताजं भरून भागत नाही.

दुसरा अपवाद मिश्रणाचा. जुन्या गाडीचा ईसीयू इथेनॉलसाठी इंधन पुरेसं वाढवू शकत नसेल तर मिश्रण पातळ होतं. ते आठव्या टप्प्यातल्या ट्रिममध्ये दिसेल.

भेसळीचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. साधारण दोन मिनिटांत तो उडून जायला हवा, डाग राहिला तर संशय धरा. घनताही तपासून मागता येते: १५ अंशांवर काढलेली घनता पंपावर नोंदवलेल्या घनतेपेक्षा घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त सरकलेली नसावी. रॉकेलची भेसळ ऑक्टेन थेट पाडते.

आता चाचणी. टाकी रिझर्व्हच्या जवळ आली की ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल भरा. ई-२० च्या पंपावरून भरत असाल तर १०० ऑक्टेनचं घ्या, नाहीतर फरक दिसणार नाही. १०० ते १५० किलोमीटर चालवा म्हणजे ईसीयू नव्याने शिकेल. मग तोच चढ, तीच नोंद.

- टायमिंग वर गेलं, दात नाहीसे झाले: इंजिनाला ठरल्यापेक्षा जास्त ऑक्टेन लागतोय. का लागतोय ते शोधायला पुढे जा.
- काहीच बदललं नाही: प्री-इग्निशन, सेन्सर किंवा यांत्रिक आवाज. टप्पा ७ आणि ११ नीट करा.

सावधान: टाकीत डांबराच्या गोळ्या, थिनर किंवा घरगुती मिश्रण टाकू नका. रबरी सील, पंप आणि ऑक्सिजन सेन्सर तिघांचंही नुकसान होतं.

## टप्पा ६: उष्णता

विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात नॉकिंगच्या तक्रारी वाढतात त्या इथून. कूलंटची आणि आत येणाऱ्या हवेची उष्णता थेट कोपऱ्यातल्या मिश्रणात जाते.

१. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ न मारता फक्त इग्निशन चालू करून बघा. कूलंटचा आणि हवेचा आकडा एकमेकांच्या तीन-चार अंशांत असला पाहिजे. कूलंट सेन्सर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवत असेल तर ईसीयू गरम इंजिनाला थंड समजून टायमिंग पुढे ठेवतो.
२. कूलंट थंड इंजिनावर बघा. पातळी कमी असेल तर नुसतं भरू नका, गळती शोधा. नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकलेलं असेल तर क्षार साठून हेडमधल्या वाटा अरुंद होतात. फ्लश करून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळणारं मिश्रण, भरा आणि हवा काढून घ्या. हेडमध्ये हवेचा फुगा राहिला तर तेवढाच भाग तापतो आणि एकाच सिलिंडरमध्ये नॉक होतो.
३. रेडिएटर आणि त्यापुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या मधली फट टॉर्चने बघा. चिखल, धूळ, किडे तिथेच साठतात, बाहेरून दिसत नाहीत. मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या वाकतात.
४. पंखा कोणत्या तापमानाला सुरू होतो ते आकड्यावर बघा आणि मॅन्युअलशी जुळवा.
५. चालत्या गाडीत आत येणारी हवा बाहेरच्या तापमानापेक्षा खूप वर असेल तर एअर फिल्टरच्या डब्याचा पुढचा नळ निसटलेला असण्याची शक्यता मोठी. मग इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं. बाहेरून लावलेले उघडे फिल्टर हेच करतात.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट तोंडावर येतं.

## टप्पा ७: प्लग

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कॉइल काढल्यावर खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर प्लग काढताच ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. प्लग काढाल तसे क्रमाने ओळीत मांडा, म्हणजे दोष कोणत्या सिलिंडरचा ते कळेल.

प्रत्येक प्लगची चिनी मातीची नळी उजेडात जवळून बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. पांढरीफटक, फोड आलेली असेल तर तो सिलिंडर तापतोय. पांढऱ्या पृष्ठभागावर मिरीच्या कणांएवढे काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले दिसले तर नॉक जोराचा आहे, ते कण पिस्टनचे आहेत. अशी गाडी त्याच अवस्थेत पुन्हा चालवू नका. नळीला तडा गेला असेल तर तुटलेला तुकडा सिलिंडरमध्ये नाही ना, हे बोअरस्कोपने (बारीक नळीवरच्या कॅमेऱ्याने) बघूनच पुढे जा.

आता नंबर तपासा. हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो ते; लवकर सोडणारा थंड, सावकाश सोडणारा गरम) चुकीची असणं हे दिसतं त्याहून जास्त वेळा घडतं, कारण दुकानात "हाच बसतो" म्हणून दिला जातो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशमध्ये आकडा वाढला की गरम होतो. एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका. मॅन्युअलमधल्यापेक्षा गरम प्लग बसवला तर त्याचं टोकच मिश्रण पेटवतं.

बसवताना गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा; बहुतेक गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरमध्ये असतो. इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक तारेला गेज टेकवून जोर देऊ नका. आटे हाताने पकडवा. वॉशरचा नवा १४ मिलिमीटर प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो खरा. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही, तो तापतो आणि प्री-इग्निशन सुरू करतो. आट्यांना ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, म्हणून लावू नका.

पडताळणी: एकच प्लग वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, कूलंटचा मार्ग आणि व्हॅक्यूम नळी बघा. सगळे सारखेच पांढरे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे: मिश्रण, उष्णता किंवा टायमिंग.

## टप्पा ८: हवा-इंधनाचं मिश्रण

पातळ मिश्रण सावकाश जळतं, भारावर सिलिंडर जास्त तापतो आणि नॉक होतो. फ्युएल ट्रिम वाचायला शिका, बाकी अंदाज लागत नाहीत. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज घ्या. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर सोडून द्या. अधिक १० च्या वर सतत असेल तर ईसीयू मिश्रण पातळ असल्याचं सांगतोय.

- आयडलिंगला जास्त, २,५०० आरपीएमला नेहमीसारखा: इनटेकमध्ये कुठून तरी हवा शिरतेय. नळ्या, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हची) जोडणी, इनटेक गॅस्केट बघा. एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत गळती आधी वाढलेल्या आयडलिंगमध्ये दिसते, ट्रिममध्ये कमी.
- आयडलिंगला ठीक, भारावर वाढतो: इंधन कमी पडतंय. फिल्टर, पंप, दाब, इंजेक्टर. किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय.

ट्रिम ६० ते ७० टक्के एक्सिलरेटरवर वाचा. पाय पूर्ण दाबल्यावर ईसीयू सुधारणा थांबवतो, तेव्हाचा आकडा उपयोगाचा नाही. एमएएफ सेन्सर फक्त त्याच्याच स्प्रेने धुवा. कार्बोरेटर क्लीनरने त्याचा थर जातो. पीसीव्हीतून किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइलची वाफ इनटेकमध्ये येत असेल तर तीही ऑक्टेन पाडते. थ्रॉटल बॉडीच्या मागे ओलसर ऑइलचा थर आहे का ते बोट फिरवून बघा. ईजीआर (जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असलेल्या गाडीत तो बंद स्थितीत अडकला तरी नॉक येतो.

## टप्पा ९: सीएनजी किट असलेली गाडी

पुण्या-मुंबईत बाहेरून किट बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून हे वेगळं. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप वर असतो आणि तो सावकाश जळतो. म्हणून काही किटबरोबर टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर लावतात. तो फक्त गॅसवर चालला पाहिजे. वायरिंग चुकलं आणि तो पेट्रोलवरही चालू राहिला तर गाडी गॅसवर गप्प आणि पेट्रोलवर खळखळते. चढावर दोन्ही इंधनांवर नोंद घेऊन टायमिंग तुलना करा. पण काही प्रोसेसर ईसीयूच्या पाठीमागे सिग्नल बदलतात; तेव्हा स्कॅनरवर सगळं ठीक दिसतं आणि आवाज मात्र येतो. प्रोसेसरची जोडणी काढून पेट्रोलवर एक फेरी मारली की उत्तर मिळतं.

दुसरं, महिनोन्‌महिने टाकीत पडून असलेलं पेट्रोल. निदान करण्याआधी ते संपवा आणि ताजं भरा. पुढे आठवड्यातून एकदा तरी थोडी गाडी पेट्रोलवर चालवा.

## टप्पा १०: कार्बन

रोज तीन-चार किलोमीटर, थंड इंजिन, सिग्नलवर उभं राहणं: अशा गाडीत पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन बसतो. त्याने कॉम्प्रेशन वाढतं, उष्णता अडते आणि लाल होणारे ठिपके तयार होतात. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून बघा. जाड, सोललेला, काळा थर दिसला तरच साफसफाईला हात घाला. दर सर्व्हिसिंगला सरसकट केलेल्या डिकार्बचा (कार्बन काढण्याचा) काही उपयोग नसतो.

आधी पॉलीइथरअमाइन असलेलं ॲडिटिव्ह बाटलीवरच्या प्रमाणात एका भरलेल्या टाकीत टाका आणि ती टाकी मुख्यतः हायवेवर, ३,००० आरपीएमच्या आसपास संपवा. त्यानंतर ऑइल बदला. डायरेक्ट इंजेक्शन गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे तिथला थर ॲडिटिव्हने निघत नाही. तो मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या चुऱ्याने काढावा लागतो.

कार्बन पुन्हापुन्हा साठत असेल तर ऑइल जळतंय का ते बघा. कॉम्प्रेशन चाचणी घ्या: इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा मॅन्युअलपेक्षा वर आला तर कार्बन, एखाद्या सिलिंडरचा खूप खाली आला तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सावधान: चालू इंजिनात इनटेकमधून पाणी किंवा डिझेल ओतायचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका. द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

## टप्पा ११: नॉक सेन्सर

इथवर काही सापडलं नाही तरच. पी-०३२५, पी-०३२७ किंवा पी-०३२८ असा कोड असेल तर वायर, कनेक्टर आणि मग सेन्सर बघा. कोड असताना ईसीयू सुरक्षित म्हणून टायमिंग मागेच ठेवतो, म्हणजे गाडी सुस्त होते, पण सहसा खळखळत नाही. जोराची खळखळ आणि कोड नाही, अशी जोडी असेल तर दोष बहुतेक वेळा सेन्सरबाहेर असतो.

सेन्सर ब्लॉकवर एका बोल्टने बसतो आणि कंपनं थेट धातूतून घेतो. त्यामुळे बसण्याची जागा गंज, रंग, ऑइल यांपासून स्वच्छ हवी, मध्ये वॉशर किंवा सीलंट नको. मधून बोल्ट जाणाऱ्या चपट्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. कमी आवळला तर तो कमी ऐकतो, जास्त आवळला तर आतला स्फटिक तडकतो. पान्याच्या अंदाजाने आवळलेला नवा सेन्सर जुन्यापेक्षा वाईट वागू शकतो.

उलटंही होतं: जवळचा एखादा सैल ब्रॅकेट किंवा अल्टरनेटरचा नट कंपतो, सेन्सरला तो नॉक वाटतो आणि ईसीयू विनाकारण टायमिंग पाडतो. आलेखावर दात आहेत, इंधन बदलून फरक नाही आणि प्लग निरोगी आहेत, असं चित्र असेल तर सेन्सर बदलण्याआधी आसपासचे बोल्ट हाताने हलवून बघा.

इंजिन रिमॅप केलेलं असेल, म्हणजे ईसीयूतला मूळ नकाशा बदललेला असेल, तर मूळ मॅप परत टाकून एकदा चाचणी घ्या. टायमिंग चेन किंवा बेल्टचं काम होऊन लगेच नॉकिंग सुरू झालं असेल तर एक दात चुकलाय का, हे खूण जुळवून बघणं सगळ्यात आधी.

## टप्पा १२: पुन्हा तोच चढ

दुरुस्तीनंतर आता कोड पुसा. १०० ते १५० किलोमीटर मिसळून चालवा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनच्याच पेट्रोलवर टप्पा ३ जसाच्या तसा करा. प्रीमियम भरून घेतलेली चाचणी दुरुस्तीचा पुरावा होत नाही. तीनही फेऱ्यांत टायमिंग सलग चढलं, कूलंट स्थिर राहिलं आणि ट्रिम ५ टक्क्यांत आला, तर काम झालं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, पेट्रोल आणि सेन्सर एकदम बदलून आवाज गेला तर कशाने गेला ते कळत नाही, आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यापुढे दर १० हजार किलोमीटरला रेडिएटरची फट, कूलंटची पातळी, एअर फिल्टरचा नळ आणि ट्रिम एवढं बघा. प्लग मॅन्युअलच्या मुदतीत बदला. साध्या निकेल प्लगची मुदत इरिडियमपेक्षा बरीच कमी असते. आणि मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढायचा असेल तर निघायच्या आधीच्या सकाळी थंड इंजिनावर कूलंट बघून घ्या. चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि खळखळ सुरू झाली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि बोनेट उघडून इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका.